दुसरा मजला, डावीकडचं दार

५ ऑक्टोबर, सोमवार

दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून दचकला असशील तर आधीच सांगते, कुणाला काही झालेलं नाही. दोन वर्षांनी लिहिते आहे, पण भावाला नाही. ‘मशीनचा कट्टा’ या शिलाई मशीनवाल्यांच्या इंटरनेटवरच्या मंडळाची व्यवस्थापक म्हणून ‘हातचाक’ या सभासदाला लिहिते आहे. फोन तू उचलत नाहीस. कट्ट्यावर निरोप टाकला तर त्यावर चार टवाळ शब्द फेकून मोकळा होशील. कागद फाडायचा झाला तरी आधी हातात घ्यावा लागतो.

तुझ्याविरुद्ध तक्रार आली आहे, ‘टाचणी’ची. ती कोण हे तुला सांगायला नको, दोन वर्षं तू हात धुऊन तिच्या मागे लागला आहेस. तरी कागदोपत्री असावं म्हणून लिहिते. पस्तिशीची बाई आहे, माझ्याच शहरात सासूबरोबर राहते आणि घरीच शिलाई मशिनी दुरुस्त करते. हे काम ती कट्ट्यावरच शिकली. आज तिच्या भागातले शिंपी आपली मशीन दुसऱ्या कुणाच्या हातात देत नाहीत.

तिने पहिल्याच महिन्यात तुझ्यावर ‘कानाडोळा’चं बटण दाबलं होतं. ते दाबलं की समोरच्याचं लिखाण आपल्याला दिसेनासं होतं आणि त्याला त्याचा पत्ता लागत नाही, हे तुलाही ठाऊक आहे. तेच बटण काढून टाका म्हणून तू सगळा कट्टा डोक्यावर घेतला आहेस. तर तिला वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला. मागच्या महिन्यात कट्ट्यावरच्या ‘जुनं खोड’ काकांनी तिला फोन केला, “अगं, तुझ्या प्रत्येक लिखाणाखाली तो काय खरडतो ते वाचत नाहीस का? अकराशे लोक वाचतात!” तिने बटण काढलं आणि दोन वर्षांचं सगळं एका बैठकीत वाचलं.

त्यातलं थोडं तुलाच वाचून दाखवते. मार्चमध्ये लिहिलं आहेस, “नाव बदललं म्हणून माणूस बदलत नाही. ओळखलंय मी तुला.” जूनमध्ये, “दुसरा मजला, डावीकडचं दार. खोटं आहे का?” आणि गेल्या महिन्यात, “किती दिवस आत बसशील? एक दिवस येऊनच दाखवतो.”

अरे, काय आहे हे? ती खरंच दुसऱ्या मजल्यावर राहते, आणि दार डावीकडचंच आहे. तुला कुणी सांगितलं? जगात दुसरे मजले काही कमी नाहीत, माझंही दार तसंच आहे, पण अंदाजाने कुणी असं लिहितं का? वाचताना माझाच हात कडीकडे गेला, मग तिचं काय झालं असेल?

तिने दाराबाहेरची पाटी काढली आहे. कामाचं टेबल खिडकीपासून हलवलं आहे. गिऱ्हाईक दार वाजवतं, ती आत श्वास रोखून उभी राहते आणि गिऱ्हाईक परत जातं. असंच चाललं तर महिन्याभरात तिला या कामावर पाणी सोडावं लागेल. तिचं आणि सासूचं पोट त्याच कामावर आहे.

पंचवीस तारखेला, रविवारी, बटण ठेवायचं की काढायचं यावर मतदान आहे. त्याआधी तुझा लेखी खुलासा हवा. कट्ट्यावरचा शब्दन् शब्द माझ्या नजरेखालून जातो, तेव्हा थापा मारू नकोस.

व्यवस्थापक, मशीनचा कट्टा
(आणि नाइलाजाने तुझी बहीण)


११ ऑक्टोबर, रविवार

दादा,

तुझं उत्तर काल आलं. चार ओळी. “व्यवस्थापक बाईंना नमस्कार. टाचणीला मी तुमच्याइतकाच ओळखतो, कमी नाही नि जास्त नाही. तिने तोंड उघडावं, मग मी गप्प बसेन. नाटकं पुरे झाली.”

ही काय भाषा झाली? तिला मी प्रत्यक्ष पाहिलेलंसुद्धा नाही, फोनवर बोललो तेवढंच. म्हणजे तू तिला कितीसं ओळखतोस? आणि तिने तोंड का उघडायचं रे? तुझं कर्ज खाल्लंय का तिने?

याहून भयंकर म्हणजे शुक्रवारचं तुझं लिखाण. तिने बॉबिनवर दोरा कसा भरावा हे कुणाला तरी समजावलं होतं, त्याखाली तू लिहिलंस, “शनिवारी, सतरा तारखेला, अकराच्या गाडीने येतोय. या वेळी दार वाजवल्याशिवाय परत जाणार नाही.” तिने मला फोनवर वाचून दाखवलं. ‘या वेळी’ हे शब्द तिने दोनदा वाचले. म्हणजे आधी एकदा येऊन गेलास? तिच्या जिन्यात उभा राहिलास?

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता त्याचं खातं बंद करते, एका मिनिटाचं काम आहे. तर ती म्हणाली, “नको ताई. इथे लिहितात म्हणून कधी येणार ते तरी कळतंय. तोंड बंद केलंत तर न सांगता येतील.” मी खातं तसंच ठेवलं. कट्टा मी चालवते, नियम मी लिहिले आणि एका भेदरलेल्या बाईला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

आता एक कबूल करते. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. शब्दन् शब्द माझ्या नजरेखालून जातो, असं मागच्या पत्रात मी छातीठोकपणे लिहिलं. ते खोटं होतं. तुझा एक शब्दही मी दोन वर्षांत वाचलेला नाही. मी तुझ्यावर कानाडोळा लावला होता. बटण काढायची तुझी मागणीसुद्धा मला दुसऱ्यांच्या उत्तरांतून कळली.

कधी लावला ते तुला आठवत असेल. मी मोठ्या हौसेने लेख लिहिला होता. मशीन टाके सोडायला लागली की बाबा आपल्या दुरुस्तीच्या दुकानात काय करायचे, तो लेख. सुई नि खालचा दोरा अडकवणारं शटल यांची वेळ जुळवताना ते हाताने चाक फिरवायचे आणि म्हणायचे, “थांब, मशीनचा हुंकार ऐक.” गोष्ट ऐकताना आपण हूं हूं करतो तशी मशीन हूं करते, तिथे थांबायचं आणि स्क्रू आवळायचा. चार वाजता लेख टाकला. साडेपाचला तुझं उत्तर आलं, “आमच्या बहिणीला शटल कशाशी खातात ते माहीत नाही. बाबा तिला दुकानात बसवायचे ते गिऱ्हाइकांना पाणी द्यायला.” खाली तेवीस जण हसले होते. मी मोजले होते. सात वाजता मी लेख काढून टाकला आणि तुझ्यावर बटण दाबलं. त्यानंतर कट्ट्यावर सूचना सोडून एक ओळ लिहिली नाही.

रडले रे मी त्या दिवशी. दुकानात पाणी दिलं हे खरं आहे, पण पाणी देताना बघतही होते. बाबांनी शेवटच्या वर्षी तीन बिघडलेल्या मशिनी माझ्याकडून लावून घेतल्या, तेव्हा तू दुपारी जेवून झोपला होतास.

असो. काल जुनं खोड काका मला काय म्हणाले सांगू? “ताई, राग मानू नका, पण घरचा माणूस म्हणून तुम्ही कानाडोळा केलात.” त्यांना बिचाऱ्यांना कल्पनाही नाही की ते किती अक्षरशः बोलले. राखण करायची ज्या घराची, त्याच्या एका खिडकीवर मीच पडदा ओढून बसले आणि चोर त्याच खिडकीतून येत राहिला.

आणि ऐक, तो पडदा मी अजूनही काढलेला नाही. माझ्याबद्दल दोन वर्षांत तू काय काय लिहिलं असशील ते वाचायची छाती होत नाही. तक्रारीतली वाक्यं वाचली तेवढी पुरे झाली.

तिथे जाऊ नकोस. दादा, हात जोडते, जाऊ नकोस.

तुझी बहीण


१५ ऑक्टोबर, गुरुवार

हे कुरिअरने पाठवते आहे, उद्या दुपारपर्यंत मिळेल. काल आणि आज मिळून चौदा फोन केले. तू उचलला नाहीस. दुकानाच्या शेजारच्या चहावाल्याला निरोप द्यायला सांगितला, तो म्हणाला, “सांगतो, पण ते म्हणाले काय बोलायचं ते शनिवारी समोरासमोर.”

मग नीट ऐक. शनिवारी सकाळी नऊपासून मी टाचणीच्या घरात असेन. दार मी उघडेन, ती नाही. तिने पोलिसांत अर्ज लिहून ठेवला आहे, फक्त तारीख टाकायची बाकी आहे. मी तिला म्हटलं, माझ्यासमोर त्याने एक जरी वाकडा शब्द काढला तरी अर्ज मीच नेऊन देईन आणि साक्षीला पहिलं नाव माझं घाल.

आपलेच दात नि आपलेच ओठ, हे मला कळत नाही असं नाही. पण आज ओठ दुसऱ्या कुणाचे आहेत.

तिची सासू फोनवर आली होती. म्हणाली, “तुमचा भाऊ लहानपणापासून असाच का?” मी नाही म्हणाले. मला ताप आला की माझ्या उशाशी बसून फाटक्या वहीतून गोष्टी वाचणारा मुलगा आठवला, आणि तोंडातून नाही निघून गेलं. आता शनिवारी मला खोटं पाडू नकोस.

येऊ नकोस. घरी राहा.


१८ ऑक्टोबर, रविवार, सकाळ

दादा,

कुठून सुरुवात करू?

काल नऊला तिच्याकडे पोचले. एक खोली आणि स्वयंपाकघर. भिंतीला सहा मशिनी ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीला मालकाच्या नावाची चिठ्ठी दोऱ्याने बांधलेली. सगळ्या तयार, न्यायला कुणी नाही, कारण दारच उघडत नाही. टाचणी माझ्यापेक्षा बुटकी निघाली. बोलताना बोटांना लागलेलं तेल सारखं पदराला पुसत होती. सासूबाई दाराशेजारी खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि मांडीवर कापड कापायची ती मोठी कात्री. मी म्हटलं, “आजी, ती ठेवा बरं आत.” तर म्हणाल्या, “असू दे. मला कापायचं आहे काहीतरी.” मांडीवर कापडाचा तुकडासुद्धा नव्हता.

अकराची गाडी नेहमीच उशिरा, साडेअकराला स्टँडवर लागते. पावणेबाराला जिन्यात पावलं वाजली. जड, थांबत थांबत. टाचणी उठून स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली.  पावलं वर आली, दाराशी थांबली आणि थाप पडली.  दुसरी थाप. मी कडी काढली.

खांद्यावर मशीन घेतलेला एक शिंपी उभा होता, घामाघूम. “अहो, आहे की नाही कुणी? तिसऱ्यांदा आलोय! ही बया दोरा तोडते सारखी.” सासूबाई एकदम हसायला लागल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. त्या माणसाने मशीन खाली ठेवली आणि काही न विचारता निघून गेला.

तू आला नाहीस. एक वाजला, तीन वाजले. प्रत्येक पावलाला सासूबाई कात्री उचलायच्या. पाचला मी म्हटलं, माझं पत्र मिळालं असेल, शहाणा झाला असेल. टाचणी म्हणाली, “की आणखी शहाणा झाले असतील? तुम्ही गेल्यावर येतील.” तिच्या डोळ्यांत माझ्यावरही विश्वास नव्हता, आणि का असावा? सहा वाजता तिची बहीण मुक्कामाला आली, तेव्हाच मी निघाले.

घरी आले तर समोरच्या काकू दारात. “अगं, होतीस कुठे? तुझा भाऊ आला होता! बारा वाजल्यापासून दार वाजवत होता. मी म्हटलं आमच्याकडे बसा, तर नको म्हणाला. दोन तास पायरीवर बसून होता.”

दादा, मला काही कळेचना. दाराच्या फटीत तुझी चिठ्ठी होती. “सांगून आलो तरी दार उघडलं नाहीस. बहीण म्हणून नाही तर निदान टाचणी म्हणून तरी उघडायचं होतंस. दोन वर्षं तुझ्याच बरोबर भांडतोय, आता दमलो.”

ती चिठ्ठी मी पायरीवर बसून चारदा वाचली. मग माझ्याच दाराकडे पाहिलं. दुसरा मजला, डावीकडचं दार.

तू मला समजत होतास. दोन वर्षं टाचणी म्हणजे मीच, असं समजत होतास! “ओळखलंय मी तुला”, “नाव बदललं म्हणून”, “तुमच्याइतकाच ओळखतो”, “या वेळी दार वाजवल्याशिवाय”, सगळं मला होतं. माझं पत्र तुला नाटक वाटलं. माझं कुरिअरही नाटकच वाटलं असेल. साप साप म्हणून भुई धोपटत राहिलास तू, आणि त्या भुईत एक जिवंत बाई होती.

रात्री धीर झाला नाही, आज उजाडल्यावर पहिलं काम मी हे केलं की तुझ्यावरचा कानाडोळा काढला. चारशे एकतीस नोंदी आहेत. वाचायला बसते आहे. त्याआधी हे टाकून येते.

एक सांग. मीच ती, असं तुझ्या डोक्यात भरलं कशाने?


२६ ऑक्टोबर, सोमवार

दादा,

तुझं लांबलचक पत्र बुधवारी मिळालं. ‘हुंकार’. एवढ्या एका शब्दावर!

तू लिहितोस ते मला पटतं, म्हणजे तुझ्या जागी उभं राहिलं तर पटतं. मी लेख काढला, गप्प झाले, आणि आठव्या दिवशी टाचणी नावाची कुणी नवी बाई कट्ट्यावर येऊन म्हणते, “चाक हाताने फिरवा, मशीनचा हुंकार ऐका.” बाबांच्या तोंडचा शब्द, आपल्या दुकानाबाहेर कुणी न ऐकलेला. तुला वाटलं, रुसून नवं नाव घेऊन आली बया. आणि तू लागलास चिडवायला, म्हणजे बोलती करायला. लहानपणी मी खोलीत कोंडून घेतलं की बाहेरून दार बडवत तू हेच करायचास.

पण माझा लेख चार ते सात, तीन तास कट्ट्यावर होता. त्या तीन तासांत टाचणीने तो वहीत उतरवून घेतला. वही मी पाहिली. त्या लेखावरून तिने पहिली मशीन लावली आणि म्हणून कट्ट्याची सभासद झाली. ज्या लेखाला तू हसलास, तो वाचून एक बाई मिस्त्री झाली. हे मला तुला ऐकवायचंच होतं.

काल सकाळी मी तिच्याकडे जाऊन सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ऐकून तिला हायसं वाटेल, कदाचित हसूही येईल. ती हसली नाही. बराच वेळ त्या दोरा तोडणाऱ्या मशीनचा पाय वरखाली करत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे ताई, तुमच्या वाटणीची भीती मी भोगली.” मी ‘हो’ म्हटलं. दुसरं करणार काय?

तू विचारतोस, तिला माफीचं पत्र लिहिलं आहे, ते पोचवशील का, निदान कट्ट्यावर सगळ्यांसमोर माफी मागितली तर ती वाचेल असं करशील का. विचारलं मी तिला. तिचं उत्तर जसंच्या तसं देते. “चूक झाली हे माझ्या डोक्याला कळलं. पायांना कळायचं आहे, जिन्यात आवाज आला की ते अजून आतल्या खोलीकडे पळतात. त्यांना माफी मागायची तर मागू देत. मी वाचणार नाही.” तुझं पत्र मी परत पाठवते आहे, पाकीट न फोडता. तिच्या घरी जायचं नाही, फुलं नाहीत, फोन नाही, मध्यस्थ नाही. मन मोकळं करायचंय तुला, त्यासाठी तिने कान का द्यावा? तुला जड वाटेल हे. वाटू दे.

दुपारी मतदान झालं. त्याआधी मी सगळ्यांसमोर लिहिलं की दोन वर्षं मी माझ्या भावाचं लिखाण बघतच नव्हते, म्हणून हे घडलं. टाचणीचं घर, तिचं काम, तुझी गैरसमजूत, यातलं काही लिहिलं नाही.  मग शिव्याही आल्या, त्या घेतल्या. जुनं खोड काकांनी सुचवलं ते मंजूर झालं. बटण राहील, ज्याला कुणाचं ऐकवत नसेल त्याने कान फिरवावा, तो त्याचा हक्क. पण राखणदाराला कानाडोळा नाही. व्यवस्थापकाने प्रत्येकाचं वाचायचं, नावडत्याचं आधी वाचायचं. कट्ट्याची किल्ली आता काकांकडे आणि माझ्याकडे अशी दोघांत आहे. तुझ्या बाजूने तीनशे सहा मतं पडली, ती काही कमी नाहीत. ‘ज्याला बोलायचं त्याने ऐकायची हिंमत ठेवावी’ हे तुझं वाक्य बऱ्याच जणांना पटलं. मलाही अर्धं पटलं. पण हिंमत ज्याची त्याने ठेवावी, दुसऱ्याच्या दारात जाऊन मागू नये.

संध्याकाळी तुझं खातं बंद केलं. काका म्हणाले मी करतो, मी म्हटलं नाही, मीच करणार. चुकून झालं हे मान्य, तरी केलं. तू तिथे दिसत राहिलास तर ती पुन्हा लिहिणार नाही, आणि कट्ट्याला तुझ्यासारखे मिस्त्री पन्नास मिळतील, तिच्यासारखी मिळायची नाही. राग आला तर मला कळव. कुणाच्या आडून नाही, माझ्या नावाने, माझ्या पत्त्यावर.

बंद करण्याआधी तुझं सगळं वाचून काढलं, चारशे एकतीसच्या चारशे एकतीस. माझ्या लेखानंतर तिसऱ्याच दिवशी तू लिहिलं होतंस, “परवा जरा जास्तच बोललो.” कुणी हसलं नाही, कुणी उत्तरही दिलं नाही. ते वाचायला मला दोन वर्षं लागली, आणि त्यात फक्त तुझीच चूक होती असं म्हणायला माझी जीभ आता रेटत नाही.

आणि गेल्या फेब्रुवारीतलं एक आहे. “हल्ली हात थरथरतो. सुईत दोरा ओवायला शेजाऱ्याला हाक मारावी लागते. हे इथे कशाला लिहितोय कुणास ठाऊक. जिला सांगायचं ती वाचत असेल.” खाली अकरा जणांनी सल्ले दिले आहेत, दिवा जवळ घ्या, चष्मा बदला, दोरा ओवायची तार वापरा. तू एकालाही उत्तर दिलेलं नाहीस. आठ महिने झाले याला.

दादा, कुठला हात? डॉक्टरला दाखवलास का? कुठला हात ते तू लिहिलेलंच नाहीस.